पेटी तुकोबांच्या काळची नव्हे

पुण्यात नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाच्या देवळात तुकोबांची पालखी मुक्कामी आली, की भजनाच्या पेटीकडे बोट दाखवून कुणीतरी हमखास सांगतं, "ही तुकोबांपासूनची!" नाही हो. तुकोबा वैकुंठाला गेले १६५० च्या सुमारास. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसच्या दबँ यांनी घेतलं १८४० च्या दशकात. तिचा भाताही पायानं मारायचा. मांडी घालून, एका हातानं भाता हलवत वाजवायची पेटी पुढे कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी घडवली. आकाशवाणीनं तर १९४० पासून तीसेक वर्षं तिला दारात उभं केलं नाही. ठरलेल्या सुरांच्या पट्ट्यांतून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही, हा मोठा आक्षेप. (तो खोटाही नाही.) तुकोबांच्या कीर्तनाला साथ होती टाळ, वीणा, मृदंगाची.