अमेरिकेतील महाविद्यालयीन आणि व्यावसायिक बास्केटबॉल

अमेरिकेत बास्केटबॉलची दोन मोठी व्यासपीठे आहेत. विद्यापीठांचे संघ एनसीएए या संस्थेच्या नियमांनी खेळतात, तर व्यावसायिक खेळाडू एनबीए या लीगमध्ये. मैदान दोन्हीकडे ९४ फूट लांब आणि ५० फूट रुंद, रिंग दोन्हीकडे १० फूट उंचीवर. तरीही लागोपाठ दोन्ही सामने पाहणाऱ्याला खेळाची चाल निराळी वाटते. त्याचे मोठे कारण घड्याळ हे आहे.

एनबीएचा सामना १२ मिनिटांच्या चार क्वार्टरचा असतो. पुरुषांचा महाविद्यालयीन सामना २० मिनिटांच्या दोन हाफचा. महिलांच्या महाविद्यालयीन सामन्यांत मात्र २०१५-१६ च्या हंगामापासून १० मिनिटांचे चार क्वार्टर आहेत. याहून महत्त्वाचे शॉट क्लॉक. चेंडू ताब्यात आल्यापासून एनबीएत २४ सेकंदांत शॉट घ्यावा लागतो, महाविद्यालयात ३० सेकंदांत.

हे घड्याळ आले ते कंटाळवाण्या खेळावर उपाय म्हणून. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सना १९-१८ असे हरवले. लेकर्सकडे जॉर्ज मायकन हा त्या काळातला सर्वांत भारी उंचपुरा खेळाडू होता. त्याच्या हाती चेंडू पडू नये म्हणून पिस्टन्स तो आपल्याकडेच ठेवत राहिले. तरी लेकर्सच्या १८ पैकी १५ गुण मायकननेच केले. प्रेक्षक असे सामने पाहायला पैसे मोजणार नाहीत, हे सिरॅक्यूज नॅशनल्सचे मालक डॅनी बियासोन यांनी ओळखले. चांगल्या रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० शॉट घेतात, असा त्यांचा हिशेब होता. ४८ मिनिटांचे २,८८० सेकंद. त्यांना १२० ने भागले की २४. हा नियम १९५४ मध्ये लागू झाला आणि त्याच हंगामात संघांची सरासरी सुमारे ७९ गुणांवरून ९३ वर गेली.

महाविद्यालयांनी आणखी तीस वर्षे काढली. १९८२ मध्ये एसीसी या विद्यापीठांच्या विभागीय गटाच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायना संघात मायकेल जॉर्डन होता, व्हर्जिनियाकडे राल्फ सॅम्पसन. एवढे नामी खेळाडू मैदानात असूनही नॉर्थ कॅरोलायनाचे प्रशिक्षक डीन स्मिथ यांनी निसटती आघाडी राखण्यासाठी उत्तरार्धात कित्येक मिनिटे चेंडू नुसता फिरवत ठेवला. नॉर्थ कॅरोलायना ४७-४५ ने जिंकले, पण टीव्हीवर पाहणारे वैतागले. १९८५-८६ मध्ये पुरुषांच्या खेळात ४५ सेकंदांचे घड्याळ आले. १९९३-९४ मध्ये ते ३५ वर आणि २०१५-१६ मध्ये ३० वर उतरले.

सहा सेकंदांचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, मैदानावर तो बराच मोठा आहे. एनबीएत पहिल्या आठ सेकंदांत चेंडू मध्यरेषेपार न्यावा लागतो, महाविद्यालयात दहा. पुढे एनबीएच्या खेळाडूला फार रचना करायला वाव नसतो. एखादा कसबी खेळाडू सहकाऱ्याच्या आडोशाने बचाव फोडतो आणि शॉट घेतो. महाविद्यालयात चेंडू डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे फिरतो आणि बाकाजवळ उभा असलेला प्रशिक्षक ओरडून डावपेच सांगत असतो. म्हणूनच महाविद्यालयीन खेळ प्रशिक्षकाचा आणि एनबीए खेळाडूंचा, हे म्हणणे मला पटते. यूसीएलए विद्यापीठाला बारा वर्षांत दहा विजेतेपदे मिळवून देणारे प्रशिक्षक जॉन वुडन किंवा ड्यूक विद्यापीठात ४२ हंगाम काढणारे माइक शेशेव्स्की यांची नावे त्यांच्या बहुतेक खेळाडूंपेक्षा जास्त लोकांना ठाऊक आहेत.

बचावातही हाच फरक दिसतो. एनबीएत झोन डिफेन्सवर, म्हणजे ठरावीक प्रतिस्पर्ध्याऐवजी मैदानाचा ठरावीक भाग राखण्यावर, २००१ पर्यंत बंदी होती. ती उठली, पण ज्याच्याजवळ प्रतिस्पर्धी नाही अशा बचावपटूला बास्केटसमोरच्या रंगीत पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. महाविद्यालयात अशी अट नाही, शिवाय तिथे पट्टा १६ ऐवजी १२ फूट रुंद. प्रशिक्षक जिम बोहाइम यांच्या सिरॅक्यूज विद्यापीठाने पुढे दोन आणि मागे तीन बचावपटू ठेवणाऱ्या २-३ झोनच्या बळावर २००३ चे विजेतेपद मिळवले. जिच्याबाहेरून घेतलेल्या शॉटला तीन गुण मिळतात ती रेषा एनबीएत बास्केटपासून समोर २३ फूट ९ इंचांवर, कोपऱ्यात २२ फुटांवर. महाविद्यालयात आता साधारण २२ फूट पावणेदोन इंच.

एनबीएत सहा फाउल (नियमभंग) झाले की खेळाडू बाद, महाविद्यालयात पाच. पुरुषांच्या महाविद्यालयीन खेळात आणखी एक नियम आहे आणि तो फार रंगतदार आहे. एका हाफमधल्या प्रतिस्पर्ध्याच्या सातव्या, आठव्या आणि नवव्या सांघिक फाउलवर पहिला फ्री थ्रो (कोणाच्या अडथळ्याविना घ्यायचा शॉट) बास्केटमध्ये गेला तरच दुसरा मिळतो. पहिला हुकला की चेंडू खेळात, आणि रिबाउंडसाठी, म्हणजे हुकून परतलेला चेंडू पकडण्यासाठी, झुंबड. शेवटच्या मिनिटाला विद्यार्थ्यांचा आरडाओरडा ऐकत त्या रेषेवर उभे राहणे ही एकोणीस वर्षांच्या मुलाची खरी परीक्षा असते.

एनबीएचा संघ नियमित हंगामात ८२ सामने खेळतो आणि प्लेऑफमध्ये प्रत्येक फेरी सातपैकी चार सामने जिंकणाऱ्याची. महाविद्यालयांची मार्चमधली राष्ट्रीय स्पर्धा १९३९ मध्ये आठ संघांनिशी सुरू झाली, २०११ मध्ये संघ ६८ झाले. हरला तो घरी. श्रेष्ठ संघ ठरवायला एनबीएची पद्धत निःसंशय न्याय्य आहे. पण २०१८ मध्ये आपल्या गटात सोळावे, म्हणजे शेवटचे मानांकन असलेल्या यूएमबीसी या विद्यापीठाने अग्रमानांकित व्हर्जिनियाला ७४-५४ ने लोळवले. मध्यंतराला गुण २१-२१ होते. सात सामन्यांच्या मालिकेत असे घडणे जवळजवळ अशक्य.

पूर्वी केविन गार्नेट, लेब्रॉन जेम्स शाळेतून थेट एनबीएत गेले. २००६ च्या ड्राफ्टपासून (एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात ती वार्षिक प्रक्रिया) किमान १९ वर्षे वयाची अट आल्याने अनेक गुणी खेळाडू एकच वर्ष महाविद्यालयात काढू लागले. त्यांच्या जिवावर विद्यापीठे आणि वाहिन्या गब्बर होत असताना खेळाडूंना फक्त शिष्यवृत्ती मिळे. ही उघड विषमता होती. जुलै २०२१ पासून त्यांना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमावता येऊ लागले आणि २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठे त्यांना थेट पैसे देऊ शकतात. हौशी आणि व्यावसायिक यांच्यातली जुनी रेषा त्यामुळे पुसट झाली आहे.

भारताचा संबंध आला तो बहुतांशी एनबीएमार्फत. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे २०१३ मध्ये सॅक्रामेंटो किंग्जचे मुख्य मालक झाले. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये त्यांचा संघ इंडियाना पेसर्सशी दोन सराव सामने खेळला. पहिला पेसर्सने जादा वेळेत १३२-१३१ असा जिंकला. २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने ५२ व्या क्रमांकावर निवडलेला पंजाबचा सतनाम सिंग हा ड्राफ्टमधून निवडला गेलेला पहिला भारतीय. तो अमेरिकेतल्या महाविद्यालयाकडून खेळलाच नव्हता.