वाचनाची गोडी आणि अडखळणारे मूल

‘द्राक्षांच्या बागेत आज छाटणी सुरू झाली’ हे वाक्य निफाड किंवा दिंडोरी तालुक्यातील तिसरीच्या मुलाने ऐकले, तर ते समजायला त्याला क्षणही लागत नाही. तेच वाक्य छापील स्वरूपात समोर आले की त्याचे बोट पहिल्याच शब्दावर थबकते. ‘द्राक्षांच्या’ या शब्दात अक्षरे तीनच आहेत, परंतु तिन्ही जोडाक्षरे आहेत आणि प्रत्येकाची जोडणी निराळी आहे. ‘द्रा’मध्ये ‘र’ केवळ एका तिरप्या रेघेपुरता उरला आहे, ‘क्षां’मध्ये ‘क’ आणि ‘ष’ यांची मूळ रूपे ओळखू येत नाहीत, तर ‘च्या’मध्ये अर्धा ‘च’ पुढच्या ‘य’ला चिकटला आहे. हे सारे उलगडत मूल ‘छाटणी’पर्यंत पोहोचते, तोवर सुरुवातीला जुळवलेले शब्द मनातून निसटलेले असतात. अशा मुलाला वाचनाचा कंटाळा आहे, असे आपण सहज म्हणून जातो. माझ्या मते हा कंटाळा त्या श्रमांतून येतो, आणि मूल नेमके कुठे अडते हे पाहिल्याशिवाय गोडी लावण्याचे उपक्रम वरवरचेच राहतात.

बोलणे मूल ऐकत ऐकत शिकते. लेखन मात्र माणसाला जेमतेम पाच हजार वर्षांपूर्वी सुचले, त्यामुळे वाचनासाठी राखून ठेवलेला असा भाग मेंदूत जन्मतः नसतो. चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागांपैकी डाव्या बाजूचा काही भाग सरावाने अक्षरे ओळखण्याकडे वळतो, अशी मांडणी फ्रेंच संशोधक स्तानिस्लास दहान यांनी केली आहे. देवनागरीसारख्या लिपीत हा सराव बराच काळ चालतो. ‘कि’मधील वेलांटी आधी दिसते आणि नंतर उच्चारली जाते; ‘पर्वत’मधील रफार ‘व’च्या डोक्यावर असतो, पण त्याचा उच्चार ‘व’च्या आधी होतो. आपल्या लिपीशी रचनेत साम्य असलेल्या कन्नडचा सोनाली नाग यांनी अभ्यास केला, तेव्हा अक्षरांवर पूर्ण पकड येण्यास मुलांना प्राथमिक शाळेतील कित्येक वर्षे लागतात असे आढळले. त्यामुळे बाराखडी पहिलीत संपली म्हणजे अक्षरओळख संपली, हे गृहीतच चुकीचे आहे.

अक्षरे जुळणे हा वाचनाचा एक भाग झाला. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ साली मांडलेल्या सूत्रानुसार, वाचनाचे आकलन म्हणजे अक्षरे उलगडण्याची क्षमता आणि भाषेची समज यांचा गुणाकार होय. यातील एक शून्य असले, तर उत्तरही शून्य येते. नाशिक जिल्ह्यात ही बाब विशेष महत्त्वाची ठरते. पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतील अनेक मुलांच्या घरी कोकणा भाषा बोलली जाते, तर बागलाण आणि मालेगावकडे अहिराणी. अशा मुलाने पाठ्यपुस्तकातील उतारा खडाखडा वाचला, तरी त्यातील मराठी त्याच्या ओळखीची असेलच असे नाही. म्हणून गोष्ट आधी ऐकवावी, तिच्यावर मोकळेपणाने गप्पा माराव्यात आणि मुलाला ती स्वतःच्या बोलीत सांगू द्यावी. वर्गात घरची बोली आली म्हणजे मराठी बिघडेल, ही भीती शिक्षकांनी सोडून द्यावी, असे मला मनापासून वाटते.

प्रत्यक्ष वाचताना मूल अडले की मोठी माणसे चटकन शब्द सांगून टाकतात. न्यूझीलंडमधील संशोधकांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस पालकांसाठी एक साधी पद्धत विकसित केली: पाच सेकंद थांबावे, मग सूचक इशारा द्यावा आणि जमले की नेमके कौतुक करावे. पाच सेकंद ऐकायला थोडे वाटतात, पण शेजारी बसून गप्प राहताना ते फार लांब वाटतात. इशारा शक्यतो अक्षराचाच असावा. ‘चित्र बघ’ म्हटल्याने शब्द मिळतो, पण अक्षर पक्के होत नाही. कौतुकही ‘हुशार आहेस’ असे मोघम नको. ‘तो रफार तू स्वतः ओळखलास’ असे म्हटले, तर आपण काय केले ते मुलाला कळते. तोच छोटा उतारा पुन्हा पुन्हा वाचल्याने ओघ वाढतो, हे एस. जे. सॅम्युअल्स यांनी १९७९ साली दाखवले होते. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी अडखळणे कमी झालेले मुलाला स्वतःलाच जाणवते, आणि हुरूप येतो तो तिथे.

हा हुरूप महत्त्वाचा आहे, कारण उरलेला बहुतेक सराव मुलाने आपखुशीने करायचा असतो. ज्याला वाचता येते तो अधिक वाचतो आणि आणखी पुढे जातो, अडखळणारा टाळतो आणि मागे पडतो. कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ साली या वाढत्या दरीकडे लक्ष वेधले. पाचवीतल्या मुलाच्या हाती ससा-कासवाचे बालपुस्तक दिले, तर वाक्ये सोपी असूनही त्याला अपमान वाटतो. त्याला साप, किल्ले, क्रिकेट, ट्रॅक्टर अशा त्याच्या वयाच्या विषयांवरची, पण छोट्या वाक्यांची पुस्तके हवीत आणि त्यांतून निवड त्याची त्यानेच करायला हवी. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर चार पातळ्यांत विभागलेली मराठी पुस्तके मोफत मिळतात. नाशिकला १८४० पासूनच्या सार्वजनिक वाचनालयाची परंपरा आहे आणि कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमाच्या पेट्या याच शहरातून दूरवर गेल्या. अशा पेटीत अडखळणाऱ्या मुलांसाठी वेगळा कप्पा असावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

एवढे करूनही काही महिन्यांत फरक पडला नाही, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत व त्यानंतर डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचनाशी निगडित विशिष्ट अध्ययन अक्षमतेची, शक्यता पडताळावी. डिस्लेक्सियाचा बुद्धीशी संबंध नाही. अडचण मुख्यतः शब्दातील ध्वनी सुटे करून ते अक्षरांशी जोडण्यात असते. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही उपलब्ध आहे, त्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलाची पारख इंग्रजी चाचणीवर करण्याचे कारण उरलेले नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश असल्याने शाळेकडे सवलती मागण्याचा अधिकारही पालकांना आहे, आणि तो मागताना संकोच करू नये.