गिटारवादकाचा कान आणि पाच रंगीत बटणे

हार्मोनिक्स या अमेरिकी कंपनीने तयार केलेला ‘गिटार हीरो’ हा व्हिडिओ गेम २००५ साली प्लेस्टेशन २ वर आला. त्यातल्या गिटारला तारा नाहीत. मानेवर हिरवे, लाल, पिवळे, निळे आणि नारिंगी अशी पाच बटणे आहेत आणि तारा छेडण्याच्या जागी वर-खाली हलणारी एक पट्टी आहे. स्क्रीनवरची रंगीत खूण ठरावीक रेषेवर पोहोचताच त्या रंगाचे बटण दाबून पट्टी हलवायची, इतकेच काम असूनही मुरलेला गिटारवादक सुरुवातीला हमखास अडखळतो. या अडखळण्याकडे हसण्यावारी पाहू नये, कारण त्यातून वादनाच्या सवयी कशा घडतात हे फार स्पष्ट दिसते.

पहिला गोंधळ स्वरांचा असतो. तीच तार त्याच फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या त्याच आडव्या धातूच्या पट्टीपाशी, दाबली की ठरलेला स्वर निघतो, ही खूणगाठ वादकाच्या बोटांत पक्की बसलेली असते. गेममध्ये मात्र एकच लाल बटण एकाच गाण्यात वेगवेगळ्या स्वरांसाठी येते.

खरी अडचण कानाची आहे. तारेवर हात किंचित लवकर पडला तर स्वरही तेवढाच लवकर उमटतो, आणि अपेक्षित ध्वनी व प्रत्यक्ष ऐकू आलेला ध्वनी यांतला फरक टिपून मेंदू पुढची हालचाल सुधारतो. या कामात अनुमस्तिष्काचा, म्हणजे मेंदूच्या मागच्या-खालच्या भागाचा, वाटा मोठा आहे. गेममधली गिटार आधीच ध्वनिमुद्रित केलेली असते. पट्टी ठरावीक मुदतीत हलली तर मुद्रित स्वर आपल्या मूळ क्षणीच ऐकू येतो, आणि ती संधी हुकली तर गिटार तेवढ्यापुरती गप्प होते. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत पाव ठोका १२५ मिलिसेकंदांचा असतो. त्यात ४० मिलिसेकंदांची घाई चांगल्या वादकाला खटकते, पण येथे ती त्याच्या कानापर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे त्याला कानाऐवजी डोळ्यांवर विसंबावे लागते, आणि सपाट टीव्ही चित्र दाखवायला स्वतःचा थोडा वेळ घेत असल्याने तेथेही फसगत होते.

२०११ साली आलेल्या ‘रॉकस्मिथ’ या गेममध्ये खरी इलेक्ट्रिक गिटार केबलने जोडता येऊ लागली. तरीही भौतिकशास्त्राची एक मर्यादा राहतेच: सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते, म्हणजे एका कंपनाला १२ मिलिसेकंद लागतात, आणि स्वर ओळखण्यासाठी संगणकाला साधारणपणे एकाहून अधिक कंपने पाहावी लागतात. सर्वांत बारीक तारेचे कंपन ३ मिलिसेकंदांतच पुरे होते, त्यामुळे तिचा स्वर त्याला लवकर उमगू शकतो.