हजारो व्होल्टचं कुंपण आणि नगरपालिकेची परवानगी

कॅलिफोर्नियात काही गोदामांच्या आणि ट्रकतळांच्या कुंपणाआड उघड्या तारांचं आणखी एक कुंपण असतं. त्यात हजारो व्होल्टचे झटके सोडलेले असतात. घरातली 230 व्होल्टची वीज माणसाचा जीव घेते, मग हे कुंपण कायद्यात बसतं कसं?

सगळा फरक वेळेचा आहे. घरची वीज अखंड वाहते. जेमतेम 10 मिलिअँपिअर प्रवाहानेही हाताचे स्नायू असे आखडू शकतात की तार सोडवत नाही. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात एक नाजूक क्षण असतो. नेमका तेव्हा पुरेसा प्रवाह गेला, तर लय मोडते आणि हृदय नुसतं थरथरत राहतं. प्रवाह जितका लांबतो, तितका तो क्षण गाठला जाण्याचा धोका वाढतो. कुंपणाचं यंत्र मात्र कपॅसिटरमध्ये साठवलेली ऊर्जा एका दमात सोडतं आणि थांबतं. हा झटका बहुधा सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही छोटा असतो. वेदना पोचवणाऱ्या चेतातंतूंना एवढा वेळ पुरतो. हृदयाचा स्नायू त्यामानाने संथ असल्यामुळे सहसा बचावतो.

म्हणूनच विद्युत कुंपणाच्या यंत्रांसाठीचं 60335-2-76 हे आंतरराष्ट्रीय मानक झटक्याची लांबी 10 मिलिसेकंदांवर जाऊ देत नाही. सेकंदाला एकापेक्षा जास्त झटका नाही आणि चाचणीत शरीराच्या जागी धरलेल्या 500 ओहमच्या रोधात एका झटक्याची ऊर्जा 5 ज्यूलच्या आत. मधल्या वेळात स्नायू सैल पडतात, हात मागे घेता येतो.

विदर्भात पिकं वाचवायला सौर झटका मशीन लावतात, तेही याच तत्त्वावर चालतं. पण आकडा टाकून थेट लाइनची वीज कुंपणात सोडली की रानडुकरासाठी लावलेल्या तारेला वाघ मरतो, शेजारचा शेतकरीही मरतो. दोन्ही कुंपणांना एकाच नावाने ओळखणं धोक्याचं आहे.

कॅलिफोर्नियाने 2015 मध्ये केलेल्या कायद्यात हे मानक बंधनकारक झालं. निवासी भागात असं कुंपण नको. त्या मूळ कायद्यात तारा 10 फुटांहून उंच नको होत्या आणि त्यांच्या बाहेर किमान 6 फुटी साधं कुंपण हवंच होतं, म्हणजे रस्त्याने जाणाऱ्या मुलाचा हात चुकूनही लागणार नाही. शिवाय त्या मूळ कायद्यात एखाद्या शहराच्या नियमांत बंदी असेल, तर ती बंदी कायम राहत होती. ही तरतूद मला रास्त वाटते. शाळा कुठे आहे आणि वस्ती कुठे संपते, हे गावालाच ठाऊक असतं.

धोक्याच्या पाट्या दोन्ही बाजूंनी वाचता याव्यात आणि दर 30 फुटांच्या आत असाव्यात, असंही कायदा सांगतो. पेसमेकरवाल्यांसाठी वेगळा इशारा हवा, कारण झटक्याने त्या उपकरणाच्या कामात अडथळा येऊ शकतो. ओल्या स्थितीत स्पर्श न करण्याचाही हवा. भिजलेली त्वचा प्रवाहाला फारसा विरोध करत नाही. फ्लोरिडाच्या कायद्यात पाट्यांमधलं अंतर 60 फुटांपर्यंत चालतं. अंधारात, पावसात एवढ्या लांबची पाटी दिसेलच असं नाही. मला 30 फूटच योग्य वाटतात.