दाढ काढल्यावर जेवायचं काय?

आमच्याकडून दाढ काढून पेशंट घरी पोहोचतो, तोवर कुणीतरी शहाळं आणून ठेवलेलं असतं. आणणाऱ्याची माया खरी, शहाळंही उत्तम. घोटाळा होतो तो त्यात खोचलेल्या नळीने.

दाढ निघाली की हिरडीत खड्डा राहतो. त्यात रक्त साकळून गाठ धरते. जखमेवरची खपली जे काम करते, तेच ही गाठ करते: खालचं हाड आणि नसा झाकते. नळीने ओढून प्यायलं की तोंडात जी ओढ तयार होते, तिने ही गाठ निसटू शकते. तशी ती निसटली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असा ठणका लागतो की कानापर्यंत कळ जाते आणि नेहमीच्या गोळीने हटत नाही. याला आम्ही ड्राय सॉकेट म्हणतो. प्रत्येकाला होतो असं मुळीच नाही, पण ज्याला होतो तो विसरत नाही. तेव्हा शहाळं जरूर घ्या, पेल्यात ओतून.

पूर्वी आम्हीही पेशंटला एवढंच सांगायचो, "दोन दिवस मऊ खा." मग कुणी साबुदाण्याची खिचडी खाऊन यायचं, कुणी पोहे. "मऊच खाल्लं की ओ डॉक्टर!" त्यांचंही चुकलेलं नसायचं. म्हणून हे पत्रक काढलं. मऊपणाच्या जोडीला आणखी दोन गोष्टी बघायच्या: पदार्थ गरम नको, आणि त्यात बारीक दाणे किंवा कण नकोत.

पहिले काही तास

हिरडीवर ठेवलेला बोळा पाऊण तास घट्ट चावून धरा. लाळ गिळा, थुंकू नका. बधिरपणा जाईपर्यंत खायचं नाही. खालच्या जबड्यात इंजेक्शन दिलं असेल तर ओठ तीन-चार तास बधिर राहू शकतो. त्या वेळात चहा घेतला तर चटका बसलेला कळत नाही, आणि घास खाताना गाल चावला गेला तरी कळत नाही. लहान मुलांवर तर डोळाच ठेवा. ओठ जाड लागतो म्हणून गंमत वाटून ती चावत बसतात, आणि संध्याकाळी ओठ सुजलेला दिसला की आई-बाबा घाबरून फोन करतात.

पहिला दिवस

गार किंवा कोमट, पातळ, आणि दुसऱ्या बाजूने. घोटलेलं दही, साधं ताक, गार दूध, भाताची पेज, मुगाच्या डाळीचं घोटलेलं वरण, काट्याने कुस्करलेलं केळं, लोणी घातलेला उकडलेला बटाटा. नाचणीचं सत्त्व गाळून, कोमट करून घेतलंत तर पोटालाही आधार होतो. आइस्क्रीम चालतं, आणि मुलांना हे वाक्य फार आवडतं. फक्त सुका मेवा नसलेलं घ्या, कोन टाळा आणि चमच्याने खा.

फोडणीकडे लक्ष द्या. मोहरी आणि जिऱ्याचा दाणा त्या खड्ड्यात अगदी बेमालूम जाऊन बसतो. फोडणी हवीच असेल तर तूप-हिंगाची द्या.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. जेवण झालं की खळखळून चूळ भरायची, हे आपल्या हातापायांत भिनलेलं असतं. पहिले २४ तास ती सवय आवरा. घोटभर पाणी तोंडात घ्या, मान वाकवा आणि पाणी आपोआप बेसिनमध्ये सांडू द्या. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून प्रत्येक जेवणानंतर तोंड धुवा, तेही गुळण्यांचा जोर न लावता.

दुसऱ्या दिवसापासून

आमची पहिली पसंती गुरगुट्या भाताला. वाटीभर तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, सहा वाट्या पाणी, किंचित हळद आणि मीठ. कुकरच्या पाच शिट्ट्या आणि मग रवीने घोटायचं. वर साजूक तूप. थाळीत पसरून निवू द्या आणि मगच खा. दोन-तीन दिवस दोन्ही वेळा हेच खाल्लं तरी बिघडत नाही, पण कंटाळा येतो हे मान्य. अशा वेळी इडली वरणात भिजवून खा, तुपातला मऊ रव्याचा शिरा खा, भोपळा किंवा रताळं वाफवून कुस्करा, पिकलेली पपई किंवा बिया काढलेला चिकू घ्या. अंडं चालणाऱ्यांनी मऊ उकडून घ्यावं.

कोल्हापूरकरांचा पुढचा प्रश्न ठरलेला. पांढरा रस्सा चालेल का? चालेल, मिरी कमी घाला, गाळा आणि कोमट होऊ द्या. तांबड्याला आठवडाभर सुट्टी. मिसळीबद्दल विचारूच नका, कारण कटाचं तिखट सोसलं तरी फरसाण सोसणार नाही. भडंग, चिवडा, चकली, शेंगदाणे, पापड हे सगळं कडक तर आहेच, शिवाय त्याचे तुकडे टोकदार असतात. मासे खायचेच तर काटा स्वतः बघून काढा.

भाकरी साधारण चौथ्या दिवसापासून, दुधात कुस्करून. कडक पापुद्रा सोडून द्या. नुसती भाकरी मोडून खायला आठवडा तरी जाऊ द्या. अक्कलदाढ हाड कापून काढली असेल तर आणखी थोडं थांबा.

उपवास असेल तर

शक्य असेल तर उपवास सोडा, देव समजून घेतो असं आमचं मत. सोडवत नसेल तर साबुदाण्याची खिचडी, भगर आणि राजगिऱ्याचा लाडू एवढे तीन तरी टाळा. पहिल्यात चिकटपणा आणि दाण्याचं कूट, उरलेल्या दोन्हींत बारीक कण. शिंगाड्याची पेज, दह्यात कुस्करलेला बटाटा, उकडलेलं रताळं, दूध-केळं यांवर दिवस नीट निघतो. एक सांगतो, वेदनाशामक गोळी रिकाम्या पोटी घेऊ नका, मग एकादशी असो की चतुर्थी.

मधुमेह असलेल्यांनी

मऊ म्हणजे गोड, असा घरच्यांचा समज होतो आणि शिरा, खीर, फळांचा रस यांचा मारा सुरू होतो. तुमच्यासाठी वरण, ताक, अंडं, मऊ पनीर आणि भाज्यांचं घोटलेलं सूप बरं. जेवण निम्मं झालं आणि साखरेची गोळी किंवा इन्सुलिन मात्र पूर्ण, असं झालं तर साखर एकदम खाली येऊ शकते. दाढ काढण्याच्या आदल्या दिवशीच तुमच्या डॉक्टरांशी बोलून घ्या. रक्त पातळ करणारी गोळीही आपल्या मनाने बंद करायची नाही.

मशेरी, तंबाखू आणि लवंग

काही घरांत आजही बायका मशेरी लावतात आणि आम्हाला सांगताना लाजतात. लाजू नका, पण निदान आठवडाभर ती बंद ठेवा. तंबाखू, गुटखा, सिगारेट, पान तसंच. तंबाखूने जखम भरायला उशीर होतो, आणि पिंक टाकण्याच्या झटक्याने गाठ निघू शकते. लवंग किंवा तिचं तेल खड्ड्यात घालू नका, हळदही दाबू नका. दुखतं म्हणून गोळी हिरडीवर ठेवणारेही भेटतात. तिने हिरडी भाजते. गोळी गिळायची असते.

औषधांत मेट्रोनिडॅझोल असेल तर तोंडाला धातूसारखी चव येते. जेवण बिघडलेलं नसतं, सुगरणीवर रागावू नका. ती गोळी चालू असताना दारू पूर्ण बंद.

दाढ काढली नसेल, दुसरं काम झालं असेल तर

चांदी भरली असेल तर २४ तास त्या बाजूने चावू नका, तिला घट्ट व्हायला तेवढा वेळ लागतो. दाताच्या रंगाचं सिमेंट निळ्या दिव्याखाली लगेच घट्ट होतं. बधिरपणा गेला की जेवा. रूट कॅनॉलमध्ये तात्पुरतं सिमेंट असेल तर कॅप बसेपर्यंत चिक्की, तिळाची वडी, टॉफी आणि सुपारी नको. असा दात आतून पोकळ केलेला असतो, एखाद्या फुटाण्यानेही चिरू शकतो.

नवीन कवळी घेतलेल्या आजी-आजोबांनी पुढच्या दातांनी घास तोडू नये, कवळी मागून उचकटते. छोटे तुकडे करून, घास दोन्ही बाजूंना वाटून चावावा. सवय व्हायला काही आठवडे लागतात, पहिल्याच दिवशी कवळी डब्यात ठेवून देऊ नका.

लगेच कळवा

बोळा पुन्हा तासभर दाबूनही ताजं रक्त वाहत असेल, तिसऱ्या दिवसानंतर सूज उतरण्याऐवजी वाढत असेल, ताप आला असेल, किंवा कमी झालेलं दुखणं पुन्हा जोराने उसळलं असेल तर आम्हाला फोन करा. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर फोनची वाट न बघता थेट मोठ्या रुग्णालयात जा. लाळेत पहिल्या दिवशी लालसर झाक दिसते, तिला घाबरू नका.

टाके घातले असतील तर ते साधारण सातव्या दिवशी काढतो. दोन मिनिटांचं काम असतं, बहुधा इंजेक्शनही लागत नाही, तेव्हा उपाशी येऊ नका. जेवून, दात घासून या.