हिपॅटायटिस बी : संसर्गाची परिणती ठरवणारे जनुकीय घटक

हिपॅटायटिस बी विषाणूची लागण झाल्यावर कुणाचे शरीर तो काही महिन्यांत हुसकावून लावते, तर कुणाच्या यकृतात तो कायमचा ठाण मांडतो. विषाणूच्या बाह्य आवरणातले प्रथिन, म्हणजे पृष्ठ-प्रतिजन (एचबीएसएजी), सहा महिन्यांनंतरही रक्तात सापडला, तर संसर्ग दीर्घकालीन मानतात. येथे जनुकांआधी वय पाहावे लागते : जन्माच्या सुमारास लागण झालेल्या अर्भकांपैकी सुमारे ९० टक्के दीर्घकालीन वाहक होतात, प्रौढांत हे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असते.

विषाणूचा डीएनए जेमतेम ३,२०० अक्षरांचा. पण आरएनएवरून डीएनए बनवताना होणाऱ्या चुका दुरुस्त होत नसल्याने तो सतत बदलतो. त्याचे ए ते जे असे दहा जनुकप्रकार मानतात. बी प्रकाराच्या तुलनेत सी प्रकारात ई-प्रतिजन (संसर्गात रक्तात सोडले जाणारे विषाणूचे एक प्रथिन) उशिरा नाहीसा होतो व यकृताच्या कर्करोगाचा धोका जास्त असतो. इंटरफेरॉन या औषधाला ए आणि बी प्रकार अधिक चांगला प्रतिसाद देतात.

विषाणूच्या डीएनएत १८९६ व्या स्थानावर जी या अक्षराऐवजी ए हे अक्षर आले की टीजीजी या संकेताचा टीएजी, म्हणजे ‘थांबा’, होतो. ई-प्रतिजन बनणे बंद पडते, विषाणूची वाढ मात्र चालूच राहते. म्हणून ‘ई-प्रतिजन निगेटिव्ह’ एवढ्यावरून विषाणू शांत झाला असे समजणे ही नेहमीची चूक; सोबत डीएनएचे प्रमाण आणि एएलटी (यकृताला इजा झाल्यावर रक्तात वाढणारे विकर) पाहिलेच पाहिजे. ए जनुकप्रकारात हा बदल क्वचित आढळतो, कारण त्यात १८५८ व्या स्थानी बहुधा सी हे अक्षर असते. त्याची १८९६ च्या जीशी असलेली जोडी तुटली, तर आरएनएची आवश्यक घडी ढिली पडते. १७६२ आणि १७६४ या स्थानांवरील जोडबदलाने ई-प्रतिजन घटतो. कर्करोगाशी त्याचा संबंध अधिक ठळक आहे.

रुग्णाच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा एचएलए जनुकांचा; ही जनुके प्रतिकारशक्तीला विषाणू ओळखायला मदत करतात. एचएलए-डीपी भागातील फरकांचा दीर्घकालीन संसर्गाशी असलेला संबंध २००९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवला. विषाणू यकृतपेशीत शिरतो तो एनटीसीपी या पित्तक्षार-वाहक प्रथिनामार्फत, हे २०१२ मध्ये कळले. पूर्व आशियात आढळणारा त्याचा एस२६७एफ हा प्रकार काही अंशी संरक्षण देतो.

अशा अभ्यासांत तुलनेचा गट निवडताना गफलत होते. ज्यांना कधी लागणच झाली नाही अशांशी वाहकांची तुलना केली, तर संसर्ग टाळणे आणि तो परतवणे यांची सरमिसळ होते. तुलना हवी ती गाभा-प्रतिजनाविरुद्ध (विषाणूच्या आतल्या कवचाच्या प्रथिनाविरुद्ध) प्रतिपिंडे असलेल्या, पण पृष्ठ-प्रतिजन नसलेल्या, म्हणजे लागण होऊन ती परतवलेल्या व्यक्तींशी.