कांग्याची कुळकथा

पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली किनाऱ्यावर दोन शेजारणींचे वाजले तर त्या एकमेकींशी बोलणे टाकतात, पण तोंड मिटून बसत नाहीत. एक जण बाजारात जाते, दुकानातल्या घड्या उलगडून वाचत बसते आणि मनासारखी ओळ सापडली की ते कापड विकत घेते. दुसऱ्या दिवशी ते नेसून शेजारणीच्या दारावरून सावकाश चालत जाते, नाहीतर तिला दिसेल अशा बेताने दोरीवर वाळत घालते. कापडावर छापलेले असते : ‘नाओगोपा सिंबा ना मेनो याके, सिओगोपी म्तु क्वा मानेनो याके.’ सिंहाला मी त्याच्या दातांमुळे भिते, माणसाला त्याच्या बोलण्यामुळे नाही. टोमणा पोचतो आणि भांडण केल्याचा आळही येत नाही.

हे कापड म्हणजे कांगा. झांझिबार, मोंबासा, दार-एस-सलाम आणि त्यांच्यामागचा मोठा मुलूख ते नेसतो. पूर्व आफ्रिकेचा पारंपरिक पोशाख म्हणून त्याचे फोटो सगळीकडे दिसतात. ‘पारंपरिक’ या शब्दामुळे ते फार जुने असावे असे वाटते, पण कांगा जेमतेम दीडशे वर्षांचा आहे. तो कुणा एका जमातीच्या मागावर जन्मला नाही. त्याच्या जन्मात अमेरिकेचे यादवी युद्ध, मुंबईच्या गिरण्या, पोर्तुगीजांचा हातरुमाल, कच्छी-गुजराती पेढ्या आणि गुलामीतून सुटलेल्या बायका, अशा सगळ्यांचा वाटा आहे. माझ्या मते सर्वांत मोठा वाटा या शेवटच्या बायकांचा. बाकीच्यांनी कापड पुरवले, त्याचा कांगा त्यांनी केला.

आधी त्याचे रूप पाहू. साधारण दीड मीटर लांब आणि मीटरभरापेक्षा थोडे जास्त रुंद असे सुती कापड. चारी बाजूंनी काठ असतो, त्याला ‘पिंडो’ म्हणतात. मधल्या अंगाला ‘म्जी’ म्हणतात, आणि या शब्दाचा नेहमीचा अर्थ गाव किंवा शहर असा आहे. मधल्या भागात, खालच्या काठाच्या जरा वर, चौकटीत एक ओळ छापलेली असते, ती ‘जिना’, म्हणजे नाव. साडी काठावरून आणि पदरावरून ओळखली जाते, तसा कांगा या ओळीवरून ओळखला जातो. तो विकतात जोडीने. न कापलेल्या दोन तुकड्यांची ही जोडी ‘दोटी’ म्हणून मागितली जाते. घरी आणून ती मधोमध कापायची, कडा दुमडून शिवायच्या, एक तुकडा कमरेला किंवा छातीवर गुंडाळायचा आणि दुसरा डोक्याखांद्यावरून घ्यायचा.

‘दोटी’ या शब्दापाशी थोडे थांबायला हवे, कारण तो आपली धोतीच आहे. एकोणिसाव्या शतकात झांझिबारहून आत टांगानिका सरोवराकडे जाणारे तांडे नाण्यांऐवजी कापड, मणी आणि तार घेऊन निघत. कापडाचे माप ठरलेले होते. चार हात म्हणजे एक ‘शुका’ आणि दोन शुकांची, म्हणजे चार वारांची, एक ‘दोटी’. वाटेतल्या सरदारांना द्यायचा कर, हमालांची मजुरी, धान्य, बकऱ्या, सगळे शुका-दोटीत मोजले जाई. मसाई पुरुषांच्या अंगावर आज दिसणाऱ्या लाल चौकड्यांच्या चादरीलाही शुकाच म्हणतात. मसाई पूर्वी कातडे पांघरत. सुती शुका त्यांच्या अंगावर विसाव्या शतकात रुळला आणि मापाचे नाव वस्त्राला चिकटून राहिले.

याचा अर्थ आफ्रिकेला कापड ठाऊक नव्हते असा कुणी घेऊ नये. याच किनाऱ्यावरच्या किल्वाच्या जुन्या वस्तीच्या उत्खननात चात्यांच्या चकत्या सापडल्या आहेत, म्हणजे तिथे सूत कातले जात होते. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता 1331 साली मोगादिशूला पोचला तेव्हा तिथले विणलेले कापड इजिप्तपर्यंत जात होते. युगांडात बागांडा लोक मुतुबा झाडाची साल काढून, ती लाकडी मोगऱ्यांनी ठोकून मऊ तांबूस वस्त्र करत आले आहेत आणि राजाच्या समारंभात त्याचा मान आजही आहे. खंबायतेचे कापडही पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीपासून मोसमी वाऱ्यांवर या किनाऱ्याला लागत होते. पुढे पोर्तुगीजांच्या काळात कोकणचा किनाराही या वाहतुकीत ओढला गेला. 1697 साली मोंबासाच्या फोर्ट जीझसला वेढा पडला असताना तिथे बुडालेले ‘सांतो आंतोनियो दे तान्ना’ हे जहाज आपल्या वसईत बांधलेले होते.

कांग्याची खरी पूर्वपीठिका मात्र एका अगदी साध्या कापडात आहे. अमेरिकेतल्या सेलम बंदराचे व्यापारी हस्तिदंत आणि डिंक यांच्या शोधात झांझिबारला येऊ लागले. 1833 साली सुलतान सय्यद सैदशी अमेरिकेचा करार झाला आणि 1837 साली तिथे वकिलात उघडली. त्यांनी आणलेले न धुतलेले, कोरे सुती कापड, साधारण आपल्या मांजरपाटासारखे, किनाऱ्यावर इतके खपले की त्याला ‘मेरिकानी’ हेच नाव पडले. दुसरे कापड ‘कानिकी’ : निळीत बुडवून काळपट केलेले, बरेचसे हिंदुस्थानातून आलेले. गरिबांनी आणि गुलामांनी हीच दोन वस्त्रे नेसायची. त्यांचा रंग बघून माणसाची पायरी कळत असे.

मग 1861 साली अमेरिकेत यादवी पेटली. या युद्धाची आपल्याकडची बाजू सर्वांना माहीत आहे : लँकेशायरला अमेरिकन कापूस मिळेना, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, शेअरांची लाट उसळली आणि 1865 मध्ये फुटली. त्याच युद्धाने झांझिबारला मेरिकानीचा तुटवडा पाडला. ती पोकळी आधी इंग्लिश कापडाने आणि मग मुंबईने भरली. 1869 साली सुएझचा कालवा उघडला, 1872 पासून आगबोटींची नियमित फेरी झांझिबारला लागू लागली आणि 1880च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांनी अमेरिकन मालाला मागे सारले. नाव मात्र बदलले नाही. गिरणगावात विणलेले कापडही तिथे मेरिकानी म्हणूनच विकले जाई.

सगळा व्यापार ज्या पेढ्यांच्या हाती होता त्या कच्छी भाटिया, खोजा, बोहरी आणि मेमण यांच्या होत्या. जयराम शिवजी या कच्छी घराण्याकडे तर झांझिबारच्या जकातीचा मक्ता कित्येक दशके होता. दुकानाला स्वाहिलीत ‘दुका’ म्हणतात आणि लाखाला ‘लाकी’, ते याच सहवासातून. या पेढ्यांबद्दल लिहिताना एक गोष्ट झाकून ठेवू नये. त्यांच्या भांडवलावर हस्तिदंताचे तांडे निघत आणि लवंगेचे मळे उभे राहत, आणि त्या दोन्हींचा भार गुलामांच्या पाठीवर होता. 1873 साली गुलामांचा समुद्रमार्गे होणारा व्यापार बंद करण्याचा करार सुलतान बर्गाशच्या गळी उतरवायला जो इंग्रज शिष्टमंडळ घेऊन गेला तो बार्टल फ्रेअर, मुंबईचा माजी गव्हर्नर, ज्याच्या कारकिर्दीत मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडली गेली. करार झाला, पण बेटावरची गुलामी चालूच राहिली. ती कायद्याने संपायला 1897 उजाडले, आणि उपपत्नी म्हणून ठेवलेल्या बायकांना तर 1909 पर्यंत थांबावे लागले.

याच दोन-तीन दशकांत कांगा घडला. किनाऱ्यावर सांगितली जाणारी गोष्ट अशी : पोर्तुगीजांकडून आलेले रंगीत छापील रुमाल, ज्यांना ‘लेन्सो’ या पोर्तुगीज शब्दावरून ‘लेसो’ म्हणत, ते अखंड ताग्याच्या रूपात दुकानात यायचे आणि दुकानदार एकेक कापून विकायचा. बायकांनी ते कापू न देता तीन-तीनच्या दोन पट्ट्या घेतल्या, त्या एकमेकींना जोडल्या आणि सहा रुमालांचे एक नेसायचे वस्त्र झाले. दुकानदारांनी हे पाहिले आणि तसेच एकसंध कापड छापून मागवले. मोंबासात आजही पुष्कळ जण कांग्याला लेसोच म्हणतात. ‘कांगा’ हे नाव पडले ते सुरुवातीच्या ठिपक्याठिपक्यांच्या नक्षीवरून. स्वाहिलीत कांगा म्हणजे गिनी कोंबडी, अंगभर पांढरे ठिपके असलेली.

गुलाम स्त्रीने डोके झाकायचे नाही, असा झांझिबारात दंडक होता. झाकलेले डोके हा कुलीन, स्वतंत्र स्त्रीचा मान. ही गोष्ट लक्षात घेतली की कांगा जोडीने का विकला जातो याचा अर्थ उलगडतो. सुटका झालेल्या बायकांनी मेरिकानी आणि कानिकी टाकून दिली. एक रंगीत तुकडा अंगाला गुंडाळला आणि दुसरा डोक्यावर घेतला. हा दुसरा तुकडा म्हणजे मला त्या काळातले सर्वांत ठळक विधान वाटते. त्यासाठी त्यांनी कुणाकडे अर्ज केला नाही, की कुणाची परवानगी मागितली नाही.

आणि त्या चोखंदळ होत्या. पैसा थोडा असला तरी नक्षी नवी हवी, गेल्या हंगामातली नको. नक्षी मँचेस्टरला, हॉलंडला, स्वित्झर्लंडच्या ग्लारुसला छापली जाई आणि माल यायला महिने लागत. तोवर आवड पालटली तर गठ्ठे पडून राहत. युरोपातल्या छपाईवाल्यांना झांझिबारच्या गल्लीतल्या बायकांच्या पसंतीकडे डोळे लावून बसावे लागे. आफ्रिकेने मिळेल ते मुकाट घेतले असे आपण वसाहतींच्या इतिहासात वाचत आलो आहोत. कापडाच्या बाबतीत तरी ते खरे नाही.

आपली कोयरी या किनाऱ्यावर पोचून ‘कोरोशो’ झाली, म्हणजे काजूची बी. कांग्यावरच्या आवडत्या नक्ष्यांपैकी ती एक. आपण त्या आकारात कैरी पाहिली, त्यांनी काजू पाहिला. काजू तरी कुठला, तर ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी गोव्यात आणि मोझांबिकच्या किनाऱ्यावर दोन्हीकडे आणून लावलेला.

कापडावर ओळ कधी आली? याचे श्रेय बहुधा मोंबासाच्या कादरदिना हाजी एसाक यांना दिले जाते. त्यांचे दुकान 1887 चे आणि त्यांच्या मालावर ‘माली या अब्दुल्ला’, म्हणजे अब्दुल्लाचा माल, अशी खूण छापलेली असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कांग्यावर म्हणी दिसू लागल्या. त्या आधी अरबी लिपीत असत, कारण स्वाहिली तेव्हा त्याच लिपीत लिहिली जाई. पुढे रोमन अक्षरे आली. ‘हाबा ना हाबा हुजाझा किबाबा’ : चिमूटचिमूट करत मापटे भरते, म्हणजे आपले थेंबे थेंबे तळे साचे. ‘वेमा हाउओझी’ : चांगुलपणा कुजत नाही. ‘उसिसाफिरिए न्योता या म्वेन्झियो’ : दुसऱ्याच्या ताऱ्यावर भरवसा ठेवून प्रवासाला निघू नकोस. ही शेवटची म्हण दर्यावर्दी लोकांचीच असू शकते. पाहुण्याबद्दलही एक म्हण आहे : दोन दिवस पाहुणा, तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात कुदळ द्या. ‘तिसऱ्या दिवशी राही, त्याची अक्कल जाई’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला ती लगेच पटेल. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी उजामाचा, म्हणजे आपल्या आफ्रिकी समाजवादाचा, विचार मांडताना हीच म्हण हाताशी घेतली होती.

याच काळातली आणखी एक बाई या गोष्टीत हवीच. सिती बिंती साद ही गुलाम आईबापांची मुलगी, मडकी विकत फिरणारी, पुढे तारब, म्हणजे या किनाऱ्यावरचे अरबी वळणाचे गाणे, गाणारी झांझिबारची मोठी गायिका झाली. 1928 साली ती आणि तिचे साथीदार आगबोटीने मुंबईला आले आणि इथे त्यांनी ग्रामोफोनच्या तबकड्या भरल्या. स्वाहिली गाण्याच्या अगदी पहिल्या तबकड्यांत त्यांची गणना होते. ज्या शहराने एके काळी तिच्या आईबापांच्या पिढीला गुलामांचे कोरे कापड पुरवले, त्याच शहरात तिचा आवाज तबकडीवर उतरला. मुंबईच्या सांस्कृतिक इतिहासात या भेटीची नोंद ठळकपणे व्हायला हवी, असे मला मनापासून वाटते.

पुढचा प्रवास थोडक्यात. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जपानी माल उतरला. 1950च्या दशकात टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियाच्या मुख्य भूमीवर, स्वातंत्र्याची चळवळ उभी राहिली. बीबी तिती मोहम्मद यांनी दार-एस-सलामच्या बायकांना तिच्यात आणले ते त्यांच्या नाचगाण्यांच्या मंडळांमधून. अशी मंडळे सारख्याच नक्षीचे कांगे नेसत. स्वातंत्र्यानंतर देशी गिरण्या निघाल्या. दार-एस-सलामची उराफिकी, म्हणजे ‘मैत्री’ गिरणी चीनच्या मदतीने 1968 मध्ये सुरू झाली. नेत्यांची चित्रे, वर्धापनदिन, साक्षरता आणि आरोग्याचे संदेश, सगळे कांग्यावर आले. 2008 साली ओबामा निवडून आले तेव्हा त्यांचे अभिनंदन करणारा कांगाही निघाला. पण शतक संपण्याच्या सुमारास बाजार खुले झाले, जुन्या कपड्यांचे ‘मितुंबा’, म्हणजे गठ्ठे, बोटीबोटीने उतरू लागले आणि अनेक गिरण्यांचे भोंगे थांबले. परळ-लालबागच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

लग्नातला ‘किसुतु’ मात्र बदलला नाही. लाल, काळा, पांढरा, ठरलेल्या नक्षीचा, आणि पारंपरिक किसुतुवर ओळ नसते. त्या दिवशी बोलायचे असते ते घरातल्या मोठ्या बायकांनी, नवरीला बाजूला बसवून.

आज पुष्कळसा कांगा पुन्हा हिंदुस्थानातच छापला जातो, सौराष्ट्रातल्या जेतपूरसारख्या गावांत. तिथून तो बोटीने मोंबासाला आणि दार-एस-सलामला जातो. दुकानात घडी उलगडली की गिऱ्हाईक बाई आधी ओळ वाचते. कधी मोठ्याने वाचते, मग सोबतची दुसरी हसते किंवा मान हलवते. ओळ पटली नाही तर रंग कितीही खुलणारा असो, घडी परत फळीवर जाते.